दाराआड थांबणाऱ्या सिस्टर

सिस्टरांच्या दाराची बेल वाजवली की दार लगेच कधीच उघडत नसे. त्या दारापाशी आल्याचं सपातांच्या आवाजावरून कळायचं, आणि मग दोन-तीन श्वासांइतकी शांतता. कुरिअरवाले वैतागून पुन्हा बेल दाबत. मी एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "बाहेर कोण आलंय ते उघडल्यावर दिसतंच. आत कोण उभं आहे, ते आधी बघून घ्यावं. चिडलेली आहे की कंटाळलेली." नर्सच्या नोकरीत त्या प्रत्येक खाटेजवळ जाण्याआधी अशाच थांबत. निवृत्त झाल्या तरी सवय राहिली.

नवऱ्याचं घर सोडून मी माजिवड्याला भाड्याने राहायला आले, तेव्हा समोरचं दार त्यांचं होतं. ऑफिसातून आल्यावर मला बोलायला कुणी नसायचं, म्हणून मी मोबाइलवर नवऱ्याशी भांडायचे. एकदा जिन्यातच उभी राहून लांबलचक मेसेज लिहीत होते. सिस्टर भाजी घेऊन वर येत होत्या.

"पाठव, पण आधी सांग, शरीरात काय होतंय?"

"जळतंय."

"कुठे? नेमकं बोट ठेव."

मी छातीवर, मग गळ्यावर बोट ठेवलं. जागा शोधता शोधता जळणं थोडं कमी झालं. तरी मेसेज मी पाठवलाच. त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे. उद्या पुन्हा बघू."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. बुद्धांच्या मूर्तीपुढे त्या मेणबत्ती लावायच्या, वंदना म्हणायच्या आणि मग आम्ही अर्धा तास डोळे मिटून बसायचो. शिकवणं असं फारसं नव्हतं. "श्वास ओढू नकोस, येतोय तो बघ." माझं मन भरकटलं की मला स्वतःचाच राग यायचा. त्यावर त्या हसून म्हणायच्या, "आता हा राग कसा आहे ते बघ. फुकटचा धडा मिळालाय." नंतर मेथी निवडायला बसलो तरी टीव्ही लावू द्यायच्या नाहीत. आम्ही दोघी एका परातीवर वाकून गप्प बसलेल्या असायचो. खाली हायवेचा आवाज अखंड चालू असायचा.

इतक्या शांत बाईकडे कुणीच कसं येत नाही, याचं मला नवल वाटायचं. एका पौर्णिमेला खीर ढवळता ढवळता त्यांनी स्वतःच सांगितलं. सहा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान घरीच गेले. सिस्टरांनीच त्यांची नाडी पाहिली, डोळे मिटवले, घड्याळात वेळ बघितली. मुलगी जमिनीवर पडून रडत होती. तिला त्या म्हणाल्या, "सगळं अनित्य आहे, बाळा." मुलीने मान वर करून विचारलं, "तू बाबांची बायको होतीस की नर्स?" त्यानंतर ती आली नाही. राहायला डोंबिवलीतच होती.

"तुम्ही समतेत होतात, मन स्थिर होतं तुमचं, ते तिला कळलं नसेल," मी म्हणाले.

"नाही गं. समता नव्हती ती. मी घाबरले होते. भीतीवर मी धम्माचा शब्द पांघरला. हे कळायला मला इतकी वर्षं बसावं लागलं."

त्या रविवारी त्या मला सोबत घेऊन डोंबिवलीला गेल्या. मुलीने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. सिस्टर दारातच म्हणाल्या, "त्या दिवशी मी रडले नाही, ते शहाणपण नव्हतं. मला भीती वाटत होती. तुला जवळ घ्यायला हवं होतं, ते सोडून मी उपदेश केला. माझं चुकलं." मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

परतताना रिक्षा खाडीवरच्या नव्या पुलावर आली तेव्हा सिस्टर रडायला लागल्या. डोळे उघडे, हात मांडीवर, आणि पाणी वाहतंय. त्यांनी पुसलंही नाही. त्यांचा हात धरावा की नाही, ते मला ठरवता येईना. शेवटी धरला.

मुलीचा फोन आला नाही. सिस्टर रोज बसत राहिल्या, वाट बघतानाही. थंडी संपता संपता दुपारच्या झोपेतच त्या गेल्या. मुलगी सगळ्या विधींना आली, नातेवाइकांत मिसळली, माझ्याशी बोलली नाही. पुण्यानुमोदनाचा शेवटचा विधी झाला, घर रिकामं करायचं ठरलं, तेव्हा एका संध्याकाळी तिने माझी बेल वाजवली.

"ताई, त्या दिवशी तुम्हीच होतात ना आईबरोबर?"

"हो."

"नंतर ती काही बोलली?"

"बोलल्या नाहीत. परतताना रिक्षात रडल्या."

ती चौकटीला टेकून उभी राहिली. आईला रडताना तिने आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं, असं म्हणाली. मग तिने हळूच विचारलं, "कुठपर्यंत?"

"माजिवडा येईपर्यंत," मी सांगितलं.

तिने मान हलवली. तो सगळा रस्ता ती मनात एकटीने पुन्हा चालून येत असावी. मी तिला आत बोलावलं. ती आली आणि बराच वेळ आम्ही दोघी बसून राहिलो.