सहावा पत्ता

आमच्या घरी भांडणं पत्त्यांवर मिटायची. स्कूटर कुणी न्यायची, दळण कुणी आणायचं, पोकरचा एकच डाव, आणि त्यानंतर कुरकुर चालत नसे. ही बाबांची पद्धत. खेळायचो आम्ही बहीणभाऊ, पत्ते वाटायची आई.

बाबा गेले. मग आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि उस्मानपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये तिला एकटं ठेवणं शक्य राहिलं नाही. तिनं माझ्याकडे पडेगावला यावं, असं मी म्हणत होते. धाकटा भाऊ पुण्याहून आला होता. मुलगा असताना आई लेकीकडे का जाईल, हे तो सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता. दोन दिवस हेच चाललं. शेवटी दुपारची जेवणं झाल्यावर आईच म्हणाली, पत्ते काढा, जिंकेल त्याच्याकडे मी. मला ते मुळीच आवडलं नाही. आई म्हणजे काय स्कूटर आहे? पण तिनं पिसायला घेतलेसुद्धा.

हातात दोन-दोन पत्ते, मधे पाच उघडे, आणि त्या सातांतले सगळ्यात चांगले पाच धरायचे. मधे एक्का, राजा, राणी, नव्वी आणि तिर्री आली. त्यानं एक्का आणि पंजी दाखवली, मी एक्का आणि सत्ती. दोघांचीही एक्क्यांची जोडी. जोडी सारखी निघाली की उरलेल्यांतला मोठा पत्ता निकाल लावतो, त्याला किकर म्हणतात. पण जोडीच्या पुढे राजा, राणी, नव्वी, हे दोघांचे तेच. तिथेच पाच भरले. माझी सत्ती काय, त्याची पंजी काय, सहाव्या पत्त्याला किंमत नाही. असा डाव अर्धा-अर्धा वाटतात.

भाऊ म्हणाला, "ताई, तुझी सत्ती मोठी. तू जिंकलीस. ने आईला."

आमच्यात पोकर सगळ्यात चांगला तोच खेळतो. होस्टेलच्या पोरांना त्यानं रडकुंडीला आणलं होतं. ही चूक त्याच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्याला हरायचंच होतं.

आईनं सत्ती उचलून बाजूला ठेवली. "पाचच धरायचे असतात रे. ह्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं तुला."

भावानं आपली पंजी पालथी घातली. मला त्याचा भयंकर राग आला. त्याच रागात मी म्हणाले, बरोबरी तर बरोबरी, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. त्यानं लगेच मान डोलावली. मग आईनं विचारलं, तुझ्याकडं कधी येऊ? तो म्हणाला, मुलांच्या परीक्षा झाल्या की. मग म्हणाला, आतली खोली रिकामी झाली की, सध्या तिथे बायकोचं ऑफिसचं काम चालतं. आईनं सगळं ऐकून घेतलं.

माझ्या लग्नापासून ती पडेगावला एकदाही मुक्कामाला राहिली नव्हती. लेकीच्या घरी राहायचं नसतं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. चहा घेतला की निघायची. आता ती पत्ते गोळा करत म्हणाली, "मी पडेगावलाच जाते. तुझ्याकडं येईन की दिवाळीत, चार दिवस, पाहुणी म्हणून."

"ये ना आई. नक्की ये," भाऊ म्हणाला.

राहायला ये, असं तो म्हणाला नाही. आईनं गोळा केलेले पत्ते डबीत ठेवले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, माझ्या साड्या भर.