यंदा मी खार सोडला

या आषाढात मी देवापुढे एक नेम धरला. तेव्हापासून आमच्या मंगळवारच्या भजनी मंडळात किस्स्यांची अशी रास पडलीय की पेटीवाल्या विमलमावशी म्हणतात, "आधी किस्से, मग अभंग!"

नेम असा. माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, शेजारच्याच घरात राहतात. सासूबाईंची लोणच्याची मोठी बरणी वाटणीत माझ्याकडे आली आणि अक्कांनी बोलणंच टाकलं. दोन वर्षं! त्या बोलेपर्यंत लोणच्याचा खार जिभेला लावायचा नाही, असं मी ठरवलं. घरात जाहीर केलं, "मी खार सोडणार!"

आमचे हे फौजेतून रिटायर झालेले. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "आगं, पण धरलीस कवा?"

*

सून इंदूरची. मोबाईलवर मराठी शिकते. विमलमावशी तिच्यासमोर बोलून गेल्या, "अक्का तुझ्या सासूवर खार खाऊन हाय."

पोरगी मोबाईल घेऊन धावत स्वयंपाकघरात. "मम्मी, काकू गिलहरी खातात?"

"आगं, माळकरी हायत त्या!"

*

पण साठवणीत अक्का खारीच्या वरताण, हे खरं. त्यांच्या माळ्यावर नुसत्या झाकणांचं एक पोतं आहे. डबे नाहीत, झाकणंच! विमलमावशींनी विचारलं, "आवं, डबंच न्हाईत, तर झाकणं कशाला?"

"आन् डबं सापडलं म्हंजे?"

*

श्रावणात खऱ्या खारीनं कमाल केली. अक्कांनी वाळत घातलेल्या शेंगा पळवून तिनं माझ्या तुळशीच्या कुंडीत पुरल्या आणि विसरली. पावसानं रोपं तरारली!

अक्कांनी भिंतीवरून पाहिलं. माझ्याशी बोलायचं नाही, म्हणून खारीलाच दटावलं, "काय गं खारे, ठेवायला दुसरं घर मिळालं न्हाई व्हय तुला?"

मीही खारीलाच म्हटलं, "खारूताई, तुझ्या मालकिणीला सांग, शेंगा धरल्या की पाठवून देते."

भिंतीपलीकडून आवाज आला, "खारे, तिला म्हणावं, निम्म्या ठेव!"

हे बोलणं नेमात धरायचं का? मंडळात मतदान झालं. बोलणं खारीशी झालं, सबब नेम चालू!

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दारात अक्का. हातात स्टीलचा डबा. वर झाकण दुसऱ्याच डब्याचं.

आत कैरीच्या फोडी होत्या, पांढऱ्याफटक.

"लोणचं हाय," अक्का म्हणाल्या. "खार समदा धुऊन काढलाय. खा. तुजा नेम मोडायचा न्हाई."

मी फोड तोंडात टाकली. "आवं अक्का, चव गेली की सगळी!"

"जाऊ दे. पुढल्या साली एकाच बरणीत घालू."

तेव्हा बायांनो, माझं एवढं ऐका. यंदा तुम्हीही खार सोडून बघा.