जिन्याजवळचं टेबल

लखनौमध्ये येऊन मला नऊ वर्षं झाली. पाहुणे आले की नवरा त्यांना शहर दाखवायला नेतो. मला विचाराल तर अलीगंजच्या घरापासून ऑफिसपर्यंत कोणत्या पेट्रोल पंपावरचं बाथरूम उघडं असतं आणि कोणत्या मिठाईवाल्याच्या मागे नळाला पाणी असतं, एवढं मी डोळे मिटून सांगेन. मला कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला सूज येते, औषधाने उतरते, पुन्हा येते. बिघडलं की हाताशी दोन मिनिटं असतात, जास्त नाहीत.

आमच्या सरकारी कंपनीत हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण माझं टेबल तळमजल्यावर होतं आणि बायकांचं बाथरूमही तळमजल्यावरच, सबंध इमारतीत एकच. मग मला बढती मिळाली. तिच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावरची केबिन आली, एसी, खिडकी, दारावर नावाची पाटी. लिफ्ट बंद असते हे वेगळं सांगायला नको. मी आधी सकाळचा चहा सोडला, मग नाश्ता, मग दुपारचा डबा. वजन उतरलं तेव्हा खाली डिस्पॅचला बसणाऱ्या बाई म्हणाल्या, मैडम, बड़ी स्मार्ट हो गई हैं. मला रडू आलं असतं, पण रडायलाही तीन मजले उतरावे लागले असते.

इथल्याच महानगर भागातल्या माझ्या डॉक्टरांनी खरडपट्टी काढली. उपाशी राहण्यापेक्षा ऑफिसकडे खालची जागा मागा, म्हणाले, आणि तसं पत्रही दिलं. रविवारी बसून मी अर्ज लिहिला. सविनय निवेदन, दीर्घकालीन अस्वस्थता, सहानुभूतिपूर्वक विचार, सगळं त्यात होतं. बाथरूम नव्हतं आणि तळमजलाही नव्हता. डॉक्टरांचं पत्र मी जोडलंच नाही, त्यात आतड्याचं सगळं पुराण होतं. वाटलं, साहेब विचारतील, तेव्हा हळूच सांगू. लाजेपायी शहाणी माणसंही काय काय करतात.

साहेब इथलेच, मृदू बोलणारे, कोणाला अवघडवायचं नाही हा त्यांचा स्वभाव. त्यांनी काही विचारलं नाही. आठ दिवसांनी बोलावून त्यांनी पेढा पुढे केला आणि आनंदाने सांगितलं की नागपूरच्या बदलीसाठी माझी शिफारस तयार आहे, संध्याकाळच्या डाकेने जाईल. मराठी माणसाने तब्येतीचं कारण लिहिलं म्हणजे त्याला गावाकडे जायचंय, हे आमच्या ऑफिसात गृहीतच असतं. माझ्याआधीच्या तिघांनी तेच केलं होतं.

मला नागपूर नको होतं. नवऱ्याची बँक इथे, मुलीची शाळा इथे, आणि तीन डॉक्टर बदलल्यावर ज्यांचं औषध लागू पडलं ते डॉक्टर इथे. शिवाय तिकडेही मला कोणीतरी सन्मानाने तिसऱ्या मजल्यावरच बसवलं असतं. तरी मी पेढा खाल्ला, थँक्यू म्हटलं आणि दारापर्यंत गेलेसुद्धा. तिथे मला माझाच इतका राग आला की मी परत फिरले.

"सर, मुझे ट्रांसफ़र नहीं चाहिए," मी म्हणाले. "मुझे नीचे, बाथरूम के पास टेबल चाहिए। आँतों की बीमारी है। दो मिनट में पहुँचना होता है।"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग शिफारशीचा कागद फाडून टोपलीत टाकला. इतकंच होतं तर आधी का नाही सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. ऑर्डरमध्ये कारण काय लिहू, एवढंच विचारलं. प्रशासकीय कारण लिहिलं तरी चालेल, म्हणाले. मोह झाला. पण लपवालपवी करता करता मी नागपूरपर्यंत पोचले होते. म्हटलं, जे आहे तेच लिहा.

ऑर्डर नोटीस बोर्डावर लागली आणि दोन दिवस माझी मान वर झाली नाही. डिस्पॅचच्या बाईंनी मात्र माझं टेबल आपल्या शेजारी, जिन्याजवळ लावून घेतलं आणि वरच्या केबिनची पाटीही आणवून भिंतीवर ठोकून घेतली. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात डबा उघडला. मऊ भात आणि दुधीची भाजी होती. मी ती पंचपक्वान्नं असल्यासारखी खाल्ली.

लेखा विभागातले एक मिशीवाले ज्येष्ठ गृहस्थ रोज जिना चढताना चिडवायचे, मैडम प्रमोशन लेकर नीचे उतर आईं. मी हसून सोडून द्यायचे आणि मनात चार शब्द सुनावायचे. पंधरवड्याने ते जेवणाच्या सुट्टीत समोर येऊन बसले. थंडीबद्दल बोलले, चारबागच्या ट्रॅफिकबद्दल बोलले. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाले, अर्ज आहे, जरा बघून द्याल का. सविनय निवेदन, दीर्घकालीन अस्वस्थता, सहानुभूतिपूर्वक विचार. मी दोनदा वाचला. त्यांना काय हवंय ते कुठेच नव्हतं.

"पहले यह बताइए," मी विचारलं, "आपको चाहिए क्या?"

त्यांनी जिन्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून सांगितलं. सहा वर्षं ते स्कूटर स्टँडमागे उभं राहून इन्सुलिन घेत होते. रोजची एकची मीटिंग लांबली की जेवण राहायचं, हातपाय थरथरायचे, आणि ते तसेच आकडे वाचून दाखवायचे.

"मीटिंग दो बजे हो जाए," ते म्हणाले. "बस, इतना ही।"

मी कोरा कागद पुढे ओढला आणि त्यांचं ते वाक्य अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं.