लेलेबाईंचा जिना

लेलेबाईंकडे पियानो शिकायला कोणी मूल घेऊन गेलं, की बाई मुलाला आत घ्यायच्या आणि आईवडिलांना जिन्यात बसवायच्या. अगदी पायरीवर. सदाशिव पेठेतल्या त्या जिन्यात मी डॉक्टर बसलेले पाहिलेत, वकील पाहिलेत आणि एकदा एक नगरसेवकही पाहिला. "खुर्ची मिळेल का?" असं त्याने विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "शिकायचंय मुलाला. आपण कशाला ऐसपैस बसताय?" आणि दार लावून घेतलं.

बाईंची सगळी नोकरी कॅम्पातल्या एका शाळेत पियानो शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने नवा पियानो घेतला आणि जुना बाईंना दिला. हमाल तो वर चढवत होते तेव्हा अर्धी पेठ खाली उभी राहून सल्ले देत होती म्हणे. खरं असणार. पियानो कशाशी खातात हे माहीत नसलं, तरी तो कसा चढवावा हे पेठेत सगळ्यांना माहीत असतं.

आम्ही राहायचो बिबवेवाडीत. बायको, मृणाल, हिंजवडीच्या कंपनीत. कंपनीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली की बसमधल्या आया कोणाच्या मुलाने काय सुरू केलं याचा हिशेब मांडत. त्यात कोणीतरी ठणकावून सांगितलं, की पियानो पाचाच्या आत सुरू केला नाही तर बोटं कडक होतात. आमची इरा तेव्हा साडेचार वर्षांची होती. मृणालची झोप उडाली. उलट माझे वडील म्हणत, "दहावी होऊ दे, मग काय ते वाजवा." मी नेहमीप्रमाणे दोघांनाही हो म्हणत होतो. शेवटी दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायचं, यावर घरात एकमत झालं आणि मी बाईंना फोन लावला.

"दसऱ्याला सोनं वाटा," बाई म्हणाल्या. "इथे दुसऱ्या दिवशी या. दसऱ्याला सुरू केलेलं दिवाळीच्या सुट्टीत बंद पडतं."

मुहूर्तावर त्यांचा राग होता, त्याला कारणही होतं. आदल्या वर्षी खंडेनवमीला एका उत्साही वडिलांनी, बाई आत गेल्याचं बघून, हत्यारांच्या पूजेत पियानोही उरकला होता. पांढऱ्या पट्ट्यांवर हळदीकुंकू, वर झेंडू, आणि नारळ फोडायला जागा शोधत असताना ते सापडले. बाई एवढंच म्हणाल्या, "हळदीकुंकू झालं. आता ओटीही भरा, म्हणजे मी याला सासरी पाठवते."

मूल शिकायला तयार आहे का, हे बघायची बाईंची पद्धत वेगळीच होती. मुलाला काही विचारायच्या नाहीत. पियानोचं झाकण उघडायच्या, "मी चहा टाकून येते," म्हणायच्या आणि आत निघून जायच्या. तो चहा आजवर कोणी प्यायलेला नाही. 'कशाला हात लावू नकोस' असं घरून बजावलेलं मूल हाताची घडी घालून बसून राहायचं. मग दार उघडून बाई आईला सांगायच्या, "गुणी आहे. अजून तुमचंच ऐकतं. परत न्या." ज्याला राहवायचं नाही आणि जे हात लावायचं, ते घेतलं जायचं.

पण पुण्यात परीक्षा आली की तिची तयारी आलीच. जिन्यातून ही बातमी सगळ्या आयांपर्यंत पोचली. मृणालने आठवडाभर जेवणाच्या टेबलावर इराचा सराव घेतला. 'बाई आत गेल्या की वाजव.' ठरल्या दिवशी आम्ही पायरीवर बसलो आणि आतून दणादण आवाज आला. मृणालने माझा दंड घट्ट धरला. तेवढ्यात दार उघडलं.

"कोणी सांगितलं वाजवायला?" बाईंनी इराला विचारलं.

"आईनी. दोन्ही हातांनी वाजव म्हणाली."

बाईंनी मृणालकडे शांतपणे पाहिलं. "तुम्हाला केव्हाही घेईन. मुलीला न्या."

"अहो बाई, पण वय निघून जाईल ना तिचं."

"वय कुठे जातंय? ते येतच असतं."

"मग नक्की कितव्या वर्षी आणायची?"

"तुम्ही नको म्हणाल आणि ती करेल, त्या वर्षी."

घरी जाताना स्कूटरवर मागे बसून मृणाल रडत होती. मलाही वाईट वाटलं, आणि बाईंचा संतापही आला.

मग जे सगळे करतात ते आम्हीही केलं. सोसायटीतल्या कीबोर्डच्या क्लासला इराचं नाव घातलं. भिंतीवर प्रशस्तिपत्रकं चढत गेली आणि इराचं तोंड उतरत गेलं. एक दिवस तिने सांगून टाकलं, "मला नाही आवडत." कीबोर्ड माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी गेला. त्या दिवशी मृणाल मला म्हणाली, "अरे, माझ्यामुळे गेलं का रे हिचं गाणं?" घरात पुन्हा कोणी पियानोचं नाव काढलं नाही.

मी मात्र ऑफिसातून येताना अधूनमधून बाईंकडे डोकावत राहिलो. इतका स्वच्छ अपमान दुसरीकडे मिळत नव्हता. पुढे बाई घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांनी अंथरूण धरलं. दिवाळीत फराळ घेऊन आम्ही तिघंही गेलो. इरा तेव्हा दहा वर्षांची होती. जिना चढताना मृणालने तिला बजावलं, "बाई आजारी आहेत. बाहेर गप्प बसायचं. कशाला हात लावायचा नाही."

आम्ही आतल्या खोलीत बाईंच्या कॉटपाशी बसलो. चकलीला मोहन कमी पडलंय, हे बाई सांगत होत्या. एवढ्यात बाहेरून एक सूर आला. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा तोच सूर. मग त्याच्या शेजारचा. गाणं वगैरे काही नव्हतं. पोरगी एकेक सूर पार विरेपर्यंत ऐकत होती.

मृणाल तिला ओरडायला उठली. बाईंनी तिचा हात धरला.

"बसा," त्या म्हणाल्या. "मी चहा टाकलाय."

मृणाल मटकन खाली बसली आणि तोंडाला ओढणी लावून रडली. मीही खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतर इरा बाईंकडे एकटी जायची. बाई कॉटवरून भिंतीपलीकडे शिकवायच्या. "डावा हात झोपलाय का तुझा? उठव त्याला, दुपार झाली." पुढच्या गणपतीच्या आतच बाई गेल्या.

तेराव्याला आम्ही गेलो, तर पियानोवर चादर आणि चादरीवर स्टीलच्या पेल्यांची रास. इराने एकेक पेला उचलून खाली ठेवला, चादर काढली आणि झाकण उघडलं. बाईंचा भाचा लगबगीने पुढे आला. "ए बाळ, हात नाही लावायचा हं."

मृणाल त्याच्या आणि पियानोच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "अहो," ती अगदी आदराने म्हणाली, "आपण जरा जिन्यात बसता का?"

तो गोंधळून मुकाट्याने बाहेर गेला आणि पायरीवर बसला. मीही त्याच्या शेजारी जाऊन बसलो.