पऱ्हाटीवरची काळी पतंग

पुरावा स्वतःच्या हुकमाने कापून वाऱ्यावर सोडणारी अधिकारी आमच्या वर्धा जिल्ह्यात एकच झाली असेल, आणि ती मी. आता नातवंडांना सांगून हसते. तेव्हा मात्र गॉगल लावून फिरायचे आणि आपल्याला सगळं कळतं असं समजायचे.

सेलू भागातल्या एका ठाण्यात मी सहायक निरीक्षक होते. संक्रांतीला चार दिवस उरले होते. शाळेतून स्कूटीवर परतणाऱ्या एका शिक्षिकेचा गळा रस्त्यावर आडव्या आलेल्या नायलॉन मांजाने चिरला. जीव वाचला, आवाज गेला. बंदी असलेला हा मांजा विकणारा संक्रांतीच्या आत सापडला नसता, तर आणखी गळे चिरले असते.

त्याच रस्त्याबद्दल लोक कुजबुजत होते. भरदुपारी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरावर काळी पतंग उभी असते, खाली उडवणारा कोणीच नसतो. गुराख्यांनी तिकडे जाणं सोडलं होतं. पंचनाम्याला गेलो, तर खरंच होती. हलत नव्हती. दोर पऱ्हाटीत उतरलेला, आणि त्यातून बारीक गुणगुण येत होती, कोणी तोंड मिटून गावं तशी. आत शिरून दोराचं टोक शोधायचं सोडून मी ओरडले, "कापा ती!" हवालदाराने कापली. पतंग गोते खात दिसेनाशी झाली. खरं सांगते, भीतीने मी सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याने टीप दिली, काळ्या पतंगा गावात एकच म्हातारा बनवतो. त्याला ठाण्यात आणून बसवला.

"बाबाजी, नायलॉन कोणाला विकता?"

"नायलॉन? माही बोटं पाहा ना मॅडम." तर्जनीवर बारीक रेघांचं जाळं होतं. "हे सुताच्या मांजानं होते. नायलॉन एकच काप मारते, हाडापर्यंत."

"मग ती पतंग कोणाची?"

"बनवली मीच. चार गावचे लोक नेतात, कोनाकोनाले ध्यानात ठेवू? दोर कुठं बांधला होता?"

"पाहिलं नाही. कापली."

म्हातारा असा हसला की पहाऱ्यावरचा शिपाई आत डोकावला. "अवो, उडवनारा नाई म्हंजे बांधून ठेवली. काऊन बांधंल मानूस? गिऱ्हाइकाले जागा दिसावी म्हनून. तुमी विकनाऱ्याची पाटीच काढून फेकली! आता येते का तो?"

ज्याला कोठडीत टाकणार होते, त्यानेच रस्ता दाखवला. तशीच काळी पतंग त्याने दिली. वावरातल्या मोटारपंपाच्या खोलीला बांधली आणि साध्या वेशात आम्ही पऱ्हाटीत बसलो. खाली पान हलत नव्हतं, वर ती ताठ. पुन्हा तीच गुणगुण, वरच्या वाऱ्याने ताणलेल्या दोराची. हवालदार पुटपुटला, "मॅडम, या खेपेला नका कापू म्हणू."

तासाभरात दोन गिऱ्हाइकं आली. त्यांच्याच मोबाइलवरून विकणाऱ्याला बोलावून घेतलं. एका दुकानातला सभ्य, नीट भांग पाडलेला नोकर. संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्याच्या घरून नायलॉनच्या चक्र्यांची पोती जप्त केली, म्हाताऱ्याला घरी पाठवलं. जबाब घेताना त्या नोकराने वकील मागितला नाही, पाणी मागितलं नाही. पहिला प्रश्न केला, "बाई वाचली का?" त्या शिक्षिकेचा विषय आम्ही अजून काढलाही नव्हता. तिथेच तो संपला.

मला या प्रकरणाने एवढं शिकवलं, की मी घाबरले की हुकूम सोडते. पुढे नोकरीभर आवाज चढला की आधी स्वतःचीच चौकशी करायचे.

दोन महिन्यांनी ती शिक्षिका ठाण्यात आली. गळ्याभोवती ओढणी. मी फुशारकीने सगळं सांगितलं, पतंग कापल्यासकट. तिने खिडकीबाहेर वर पाहिलं. मग फाटक्या, कुजबुजत्या आवाजात म्हणाली,

"मॅडम, काऊन कापली तुमी ती? तिच्याकडं पाहून राह्यली होती मी, म्हणून तं गाडी हळू केलती. नाई तं मान राह्यली नसती माही."