सैल दोरी

नोकरीसाठी मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या एका बेटावर राहत होते. तिथल्या वाऱ्यापुढे झाडं टिकत नाहीत. तरी हट्टानं अंगणात रोवनचं रोप लावलं आणि खुंटाला घट्ट बांधलं. रोज सकाळी दोरी सैल झालेली दिसे. माझा संशय शेजारच्या मेरीआजींवर होता. झाड वाढलं की समुद्र दिसायचा नाही, अशी त्यांची कुरकुर असे. एकदा गाठ सोडतानाच त्यांना पकडलं.

"हलू दे गं त्याला," त्या शांतपणे म्हणाल्या. "हललंच नाही, तर मुळं धरतील कशाला?"

मी वरमले. परक्या मुलखात आपण किती सहज कुणालाही चोर ठरवतो! तरीही आजी घरात गेल्यावर मी बुंधा हळूच ओढून पाहिला. रोप जागचं हललं नाही.