हात कानाला पुरेपर्यंत

कापसाच्या जिनिंग गिरणीमागच्या वस्तीतल्या शाळेत मी शिकवायचे हे कळलं, की लोक म्हणतात, "बाई, एखादा किस्सा सांगा ना!" एखादा? अहो, साडीला कापूस चिकटून यावा तसे किस्से रोज माझ्याबरोबर घरी यायचे. झटकले तरी जायचे नाहीत.

कापसाची ती वाईट वर्षं. खेड्यांतली बिऱ्हाडं उठून यवतमाळात येत होती. जन्माचा दाखला कुणाकडे असणार! मग आमच्या हेडसरांची जुनी परीक्षा: हात डोक्यावरून न्यायचा आणि पलीकडचा कान धरायचा. कान हाती आला, की पोर सहाचं झालं, बसव पहिलीत! नाही आला, तर "पुढच्या जूनमध्ये या."

*

पंक्चरवाले युसुफभाई पोराला घेऊन आले. हात थोडक्यात हुकला. युसुफभाईंनी पोराचं डोकंच वरून दाबलं. "सर, अब देखो!"

"अहो, टायर आहे का तो!" हेडसर ओरडले. मग पोराचं रडवेलं तोंड पाहून म्हणाले, "लागला, लागला. घ्या आत."

*

एका बाईच्या मुलीचा हात मात्र फारच अपुरा पडला. हेडसर म्हणाले, "लहान आहे अजून."

"लहान नाही जी," ती म्हणाली, "उपाशी हाये."

त्या दिवशी खिचडीचं पहिलं ताट मी त्या मुलीला वाढलं.

*

दिवाळीनंतर वर्ग रिकामा. त्यातच तपासणीला साहेब आले. वर्गात एकच पोरगा, चादर गुंडाळून बसलेला.

"बाकीचे कुठे गेले?"

"कापूस वेचाले गेले."

"शाब्बास! तू एकटाच शहाणा. तू काहून नाही गेला?"

"मले ताप हाये!"

साहेबांनी शेऱ्यात 'उपस्थिती कमी' लिहिलं आणि चहा न घेता गेले. मला इतका संताप आला, पण कुणावर काढणार?

*

आता पंचशीलाचं सांगते. तिचा हात पहिल्याच वर्षी कानाला पुरला होता. पण आई जिनिंगमध्ये कामाला आणि कडेवर रांगता भाऊ. तो वर्गात भोकाड पसरायचा, म्हणून हेडसर तिला बसू देत नसत. मी भांडले. "बाई, इथं पाळणाघर नाही," एवढंच उत्तर.

मग ती खिडकीबाहेर उभी राहायची. आत पोरं पाढ्यात अडकली, की बाहेरून हिचं उत्तर! आणि रोज जाताना भावाचा हात डोक्यावरून ओढून पाहायची.

"ताणल्यानं वाढते का, बाई?"

"अगं, खांदा निखळेल त्याचा!"

"याचा पुरला की हा आत बसन. मंग मीबी बसतो."

वर्षं गेली. खिडकीतली पंचशीला उंच होत गेली आणि माझ्यासमोर दर जूनला नवी पहिली बसत राहिली.

एका जूनमध्ये ती धावतच आली. भावाला न्हाऊ घातलेलं, केसांना तेल. "बाई, पाहा!" पोराने हात डोक्यावरून नेला आणि कान घट्ट पकडला. हेडसरसुद्धा हसले. मला तर रडूच आलं. म्हटलं, "पंचशीला, आता तूही आत ये गं!"

ती दारात आली. चप्पल काढली. हेडसरांसमोर ताठ उभी राहिली आणि न सांगताच आपला हात डोक्यावरून नेला. बोटं कान ओलांडून हनुवटीपर्यंत गेली.

ती तशीच उभी राहिली. मग विचारलं,

"सर, इतका पुरला तं चालते का?"